पाठीच्या कण्याची दुखापत : उपचार आणि खर्च
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



मेळाव्याच्या आनंदात हा विषय काढावा की नाही, याचा मी बराच विचार केला. परंतु आपल्याच एका घरातील कर्ता तरुण विहिरीचे काम चालू असता आत पडला. जमलेल्या मंडळींनी मायेपोटी त्याला बखोटीला धरून वर काढले आणि जीपमध्ये बसवून तालुक्याला नेले. तो वाचला, कमरेखालचे अंग मात्र लुळे पडले. पडण्याने किती इजा झाली आणि उचलण्याने किती, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून बोलणे भाग आहे.

मेंदूपासून कमरेपर्यंत कण्याच्या पोकळीतून उतरणारा मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. मोडलेला मणका जुळतो. तुटलेला रज्जू जुळत नाही. यास्तव अशा जखमीस बसवू नये, उभे करू नये. प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हलवणे अटळच असेल, तर डोके, मान व पाठ एका रेषेत राखून चार-पाच जणांनी एकदम उचलावे, सपाट फळीवर ठेवावे आणि मानेच्या दोहो बाजूंस कापडाच्या घड्या लावाव्यात. दाबला गेलेला रज्जू २४ तासांच्या आत मोकळा झाल्यास सुधारणेची आशा अधिक असते. आपल्या जिल्ह्यात लोणी येथे आणि नगरजवळ विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत. गावोगावी फिरण्यात हे मोलाचे तास दवडू नयेत.

आता खर्चाविषयी. शस्त्रक्रिया, मणक्यातील स्क्रू व सळ्या, अतिदक्षता विभाग हा पहिला खर्च. वर सांगितलेल्या कुटुंबाने त्यासाठी जमीन विकली आणि सारी रक्कम पहिल्या महिन्यातच संपली. घरी आल्यावर हवेच्या गादीला पैसे उरले नाहीत. माकडहाडापाशी जखम झाली, ती हाडापर्यंत गेली आणि पुन्हा रुग्णालय गाठावे लागले. संवेदना गेलेल्या त्वचेस दर दोन तासांनी कूस पालटून जपावे लागते. लघवी दिवसातून चार-सहा वेळा स्वच्छ नळीने काढावी लागते. गादी, नळ्या, व्यायाम, चाकाची खुर्ची हा दुसरा खर्च जन्मभराचा आहे. त्यासाठी आरंभीच काही बाजूस ठेवावे.

महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार संलग्न रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. दाखल होतानाच तेथील आरोग्यमित्राला भेटावे, शिधापत्रिका व आधार जवळ ठेवावे. पुढे अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढण्यात हयगय करू नये. बऱ्याच सवलती त्यावरच मिळतात. मूळपेशींच्या सुया टोचून पाय चालू करतो म्हणणाऱ्यास मात्र एक रुपयाही देऊ नये. या दुखापतीवर तो सिद्ध झालेला उपचार नाही.

एके काळी असे रुग्ण शय्याव्रणाने व मूत्रपिंडाच्या विकाराने थोड्या काळात दगावत. डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे नेटकी शुश्रूषा व खेळ यांच्या बळावर ही रीत पालटली. आपल्या सांगली जिल्ह्याचे जवान मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून देते झाले. पुण्यास खडकी येथे १९७४ पासून अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. शेतावर पडलेल्या आपल्या मुलांना मात्र आपणच आहोत.

म्हणून माझी नम्र सूचना अशी : मंडळाने विद्यार्थी साहाय्य निधीप्रमाणे एक शुश्रूषा निधी काढावा. त्यातून दोन हवेच्या गाद्या व दोन चाकाच्या खुर्च्या घ्याव्यात आणि गरजू घरी फिरत्या ठेवाव्यात. यंदाच्या मेळाव्याच्या भोजनात एक पक्वान्न कमी केले, तरी आरंभ होईल. त्या तरुणाची जखम आता भरत आली आहे. घरी बसून हिशेबाची कामे करण्याची त्याची इच्छा आहे. मंडळाचे जमाखर्च लिहिण्याचे काम प्रथम त्यालाच द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.