दांत, आम्ल आणि पकड

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं लग्नकार्य होतें. माझ्या तेरा वर्षांच्या नातीच्या दांतांना त्या वेळीं तारा लावलेल्या होत्या. "आजोबा, फोटोंत हें लोखंड दिसतां कामा नये," असा तिनें हट्ट धरला. आणि भाचीचा हट्ट पुरविणें हें आपलें कर्तव्य समजून माझ्या चिरंजीवांनीं पेटींतून पकड बाहेर काढली. "नुसते चिकटवलेले चौकोन, एका झटक्यांत निघतील," हा त्यांचा हिशेब. मीं तो बेत मोडला खरा. परंतु कां मोडला, हें मला सांगतां येईना. जन्मभर मुलांना 'कारणें द्या' म्हणणाऱ्या शिक्षकाला हें लागलें. दुसऱ्या दिवशीं नातीला घेऊन मी तिच्या दंतवैद्य बाईंकडे गेलों. त्यांच्याकडून व मागाहून केलेल्या वाचनावरून जें समजलें, तेंच आज सांगावयाचें आहे.

दांताच्या दर्शनी भागावर एनॅमलचें कवच असतें. शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. वजनानें त्याचा सुमारें ९६ टक्के भाग खनिजाचा. जिभेला तें कांचेसारखें गुळगुळीत लागतें, आणि गुळगुळीत जागीं चिकटविलेलें टिकत नाहीं. म्हणून पूर्वी प्रत्येक दांताभोंवतीं अंगठीसारखी धातूची पट्टी बसवून तिला तार जोडीत.

१९५५ सालीं अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील मायकेल ब्युओनोकोर यांनीं निराळी वाट दाखविली. रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत धातूला आधीं फॉस्फॉरिक आम्ल लावीत, हें त्यांना ठाऊक होतें. त्यांनीं तेंच आम्ल, ८५ टक्के तीव्रतेचें, ३० सेकंद दांतावर लाविलें. आणि त्या जागीं अॅक्रिलिक पदार्थ पुष्कळच अधिक काळ टिकून राहिला. पुढें याच तत्त्वावर ब्रॅकेट, म्हणजे तार अडकविण्याचे ते लहान चौकोन, थेट दांतावर चिकटवूं लागले.

यांतील मर्म असें. एनॅमल असंख्य बारीक कांड्यांचें बनलेलें असतें. एकेक कांडी सुमारें ५ मायक्रॉन रुंद, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. आम्ल सर्वत्र सारखें झिजवीत नाहीं. कोठें कांडीचा गाभा आधीं जातो, कोठें तिची कड. आणि पृष्ठभाग मधाच्या पोळ्यासारखा होतो. धुवून वाळविल्यावर तो खडूसारखा पांढरा दिसतो. मग पातळ राळेसारखा पदार्थ त्या छिद्रांत शिरून कठीण होतो. गिलावा धरावा म्हणून गवंडी भिंत आधीं खरबरीत करून घेतो, तसेंच हें. त्या छिद्रांत लाळ शिरली तर मात्र पकड ढिली पडते. ज्यांच्या पाण्यांत फ्लोराइड फार, अशा चंद्रपूर–यवतमाळकडील कांहीं गांवांतून आलेल्या मुलांच्या दांतांवर आम्लाचा परिणामहि कमी होतो.

"आम्लानें दांत जळत नाहीं का?" मीं विचारलें. बाई म्हणाल्या, "गुरुजी, आतां आम्ही ३७ टक्क्यांचें आम्ल १५ ते ३० सेकंदच ठेवतों. त्यांत सुमारें १० मायक्रॉन जातात. पण ब्रॅकेटभोंवतीं अन्न साचूं दिलें, तर तोंडांतील जंतू दिवसभर आम्ल करीत राहतात, आणि तें धुवायला कोणी नसतें." तारा निघाल्यावर पुष्कळ मुलांच्या दांतांवर जे पांढरे डाग दिसतात, ते याच दुर्लक्षाचे.

आतां पकडीविषयीं. एनॅमल घडविणाऱ्या पेशी दांत हिरडीबाहेर येतांच नाहींशा होतात. हाड मोडलें तर सांधतें. एनॅमलचा टवका उडाला तर तो पुन्हां उगवत नाहीं. दंतवैद्य खास पक्कडीनें ब्रॅकेटचा तळ दाबतात, तेव्हां सांधा बहुधा राळेंतच तुटतो. उरलेली राळ मग हळूहळू घासून काढतात. घरच्या झटक्यानें राळेबरोबर दांताचा टवकाहि निघूं शकतो, किंवा त्यास तडा जातो.

परततांना हें सारें नातीला समजावून सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. परंतु त्या रात्रीं कोणी न सांगतां बराच वेळ ब्रश करीत होती. लग्नाच्या फोटोंत ती तारांसकट हंसली आहे, आणि तिच्या शेजारीं तिचे मामा कांहींसे ओशाळून उभे आहेत. आपल्याहि घरीं असा हट्ट झाल्यास पकड पेटींतच राहूं द्यावी, एवढीच विनंती.