वरचा आदेश, गावचा राग



ग्रामीण साहित्याच्या व्यासपीठावरून अध्यक्षाने दुष्काळ, ऊस आणि आटलेल्या विहिरींवर बोलावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी आज करोनाकाळातल्या आशाताईंबद्दल, म्हणजे गावात घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांबद्दल, बोलणार आहे. त्यांच्याबरोबर उपकेंद्रातल्या सिस्टर, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक आणि गावच्या वेशीवर चेकपोस्टला बसवलेले गुरुजीही आलेच. करोनावर मराठीत कविता उदंड झाल्या. त्यातल्या बहुतेक घरात बसलेल्यांच्या होत्या.

जरा मागे जाऊ. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला आणि प्लेग अधिकारी रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत रुग्णांची सेवा करत होते. १० मार्चला सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या. तोच साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बाहेर निघाला. फरक एवढाच, की १८९७ साली दार ठोठावणारा परका होता, त्याच्यावर राग धरणे सोपे होते. २०२० साली दार ठोठावणारी गावचीच सून होती.

आशा ही त्याच गावात राहणारी बाई असावी, असा २००५ साली सुरू झालेल्या योजनेचा नियमच आहे. साधारण हजार लोकसंख्येमागे एक. म्हणजे ज्या घरावर कंटेनमेंटचा फलक लागणार, ते घर तिच्या चुलत सासऱ्याचे. ज्याला शाळेत क्वारंटाईन करायचे, तो तिच्या दिराचा मित्र. साथ आज ना उद्या ओसरणार; पण भावकीतले बोलणे, पाण्याच्या पाळीवरची कुरबूर, लग्नाची पत्रिका न येणे, हे सगळे तिलाच पुढे वीस वर्षे भोगायचे. मोठ्या हुद्द्यावरच्या साहेबाची बदली होते, सुनेची होत नाही.

या लोकांवरचा ताण विषाणूचा होताच, पण तो मला दुय्यम वाटतो. खरा ताण वर आणि खाली यांच्यामध्ये चेंगरण्याचा होता. वरून ग्रुपवर ‘अतितात्काळ’ असा मेसेज यायचा, खालून शिव्या यायच्या. आणि ना आदेश बदलण्याचा अधिकार हातात, ना राग शमवण्याचे साधन. एप्रिल २०२० मध्ये सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड कामगारांना घरी परतायची परवानगी मिळाली, ती आरोग्य तपासणीच्या अटीवर. साखर कारखान्याच्या गावात राहणाऱ्या तुम्हाला कोपीवरची, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवरची, तपासणी म्हणजे काय, हे सांगायला नको. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली. एका पथकाने रोज ५० घरे करायची, प्रत्येक घरी तापमान आणि ऑक्सिजन मोजायचा. ५० हा आकडा मुंबईत बसून सोपा वाटतो. वस्त्यावस्त्यांवर पसरलेल्या नेवासे तालुक्यात एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत जायला अर्धे शिवार तुडवावे लागते.

मग लस आली. मे २०२१ मध्ये १८ वर्षांवरच्यांना ऑनलाइन स्लॉट खुले झाले आणि शहरातली शिकलेली पोरे मोबाइलवर बोटे चालवून खेड्यातली केंद्रे पकडू लागली. गाडी करून यायचे, लस टोचून परत. पहाटेपासून रांगेत बसलेल्या गावकऱ्याने भांडायचे कोणाशी? पोर्टलला तोंड नव्हते, सिस्टरला होते.

मग या बाया निभावल्या कशा? ‘मनोबल’ हे उत्तर भाषणात शोभते. मी ज्यांच्याशी बोललो, त्यांनी सांगितले ते युक्तीचे होते. दारात उभे राहून तापाचे विचारायचेच नाही. आधी सुनेच्या लोहाच्या गोळ्या, नातवाचा राहिलेला डोस विचारायचा, मग सासूच आपणहून सांगते की म्हाताऱ्याला दोन दिवस कणकण आहे. ज्या घराशी आपले वाकडे, तिथे शेजारच्या वाडीची आशा पाठवायची आणि तिचे अवघड घर आपण घ्यायचे. रात्री फोनवर एकमेकींपाशी मनसोक्त चिडून घ्यायचे, कारण घरी बोलले तर नवरा म्हणणार, सोडून दे ते काम. ही अदलाबदल कोणत्याही परिपत्रकात नव्हती. ती त्यांनी स्वतः उभी केली, आणि शासनाने शिकण्यासारखे काही असेल तर ते हेच. त्याऐवजी आपण ताणतणाव व्यवस्थापनाची शिबिरे घेतो. ज्या बाईला झोप मिळत नाही तिला श्वास कसा घ्यावा ते शिकवतो!

पैशाचे थोडक्यात सांगतो. २२ मार्च २०२० ला आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कौतुकाला थाळ्या वाजल्या. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना संप करावा लागला, तेव्हा मानधनात हजार रुपयांची वाढ आणि करोनाचा ५०० रुपये भत्ता कबूल झाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. त्यानंतरही २०२३ मध्ये त्या पुन्हा रस्त्यावर होत्या. सन्मान फुकटात देता येतो म्हणून तो आधी देतात.

एक गोष्ट याच जिल्ह्यातली आहे, ती टाळून मला पुढे जाता येणार नाही. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या करोना अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. त्या ११ घरांचे दुःख कोणत्याही युक्तिवादाहून मोठे आहे. पुढे निलंबने झाली, एक वैद्यकीय अधिकारी आणि काही परिचारिकांना अटकही झाली. परिचारिकांच्या संघटना विचारत होत्या, वायरिंग आणि अग्निसुरक्षा ही आमची कामे कधीपासून झाली? दोष कोणाचा, ते ठरवणे माझे काम नव्हे. पण संकटात ज्याचा हात रुग्णाच्या सगळ्यात जवळ, जबाबदारी शोधणारे बोट आधी त्याच्याकडे वळते, हे त्या आठवड्यात राज्यभरच्या सिस्टरांनी पाहिले. पुढच्या साथीत त्या वॉर्डात कोणत्या मनाने उभ्या राहतील?

लेखकांना एक विनंती. या बायांची देवी करू नका. देवीला पगार लागत नाही, रजा लागत नाही, राग येत नाही. व्यवस्थेला ती फार सोयीची असते. त्यांची रजिस्टरे पाहा. घरांच्या यादीच्या समासात त्यांनी स्वतःसाठी केलेल्या खुणा असतात: कुठे कुत्रे आहे, कुठे दुपारी पिऊन असतो, कुठे चहा मिळतो. त्या समासात कादंबरीचा ऐवज आहे, आणि तो लिहून ठेवण्याआधी ही रजिस्टरे रद्दीत जातील.

संयोजकांना मी कळवले आहे की दुपारच्या परिसंवादात आम्ही लेखक खाली बसू. परिसरातल्या आशाताई आणि सिस्टर मंचावर असतील. त्यांना साडेचारला लसीकरणाच्या याद्या पाठवायच्या आहेत, तेव्हा सत्र वेळेवर सुरू करू या.