हातब्रेकचे दुखणे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



शाळामास्तराने मोटारीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्यातील ज्या कुटुंबांनी वडिलांची वा आजोबांची जुनी मोटार हौसेने जपली आहे, त्यांपैकी अनेकांकडे तिचा हातब्रेक नावापुरताच उरलेला असतो आणि चाकाखाली दगड लावून वेळ निभावली जाते. ज्या अंगणात वा बोळात ती उभी असते तेथेच आपली मुलेबाळे खेळत असतात. बोलावयास एवढे कारण मला पुरेसे आहे.

उदाहरणादाखल मॉरिस मायनर घेतो; मामांकडून आमच्या घरी आलेली तीच मोटार मला जवळून ठाऊक आहे. ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही इंग्रजी मोटार १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात प्रथम दिसली व १९७१ पर्यंत निघत होती. दहा लाखांचा पल्ला गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. तिची रचना सरळ आहे. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबाने चारही चाकांवर चालतो. हातब्रेक मात्र केवळ मागील दोन चाकांवर, आणि तोही केबलने. पुढील आसनांच्या मध्ये दांडा, आणि त्याच्या बुडापासून प्रत्येक मागील चाकाकडे गेलेली एकेक स्वतंत्र केबल. ती ओढली की ड्रमच्या आतील शू फाकतात आणि त्यांवरील लायनर ड्रमला भिडून चाक धरतात.

दांडा फार वर येतो आणि तरी गाडी घरंगळते, ही नेहमीची तक्रार. त्यावर सरसकट उपाय होतो तो केबल आवळण्याचा. आमच्याही गाडीस एका कारागिराने पाच मिनिटांत हेच औषध दिले. दांडा घट्ट झाला खरा, पण दुसऱ्याच आठवड्यात मागील चाके तापू लागली! याचे कारण असे की, लायनर झिजले म्हणजे शू आणि ड्रम यांमधील अंतर वाढते, आणि दांड्याची बरीचशी ओढ ते अंतर भरून काढण्यातच खर्ची पडते. दोष ड्रमच्या पोटात आणि उपचार दांड्याशी, असा तो प्रकार. म्हणून आधी शू पाहावयाचे, केबल मागाहून.

कामास हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात घ्यावी. मागील चाके जॅकने उचलताच गाडीची दोन्ही रक्षणे एकदम नाहीशी होतात. हातब्रेक मागील चाकांना, आणि इंजिनही मागील चाकांनाच जोडलेले. तेव्हा गाडी गिअरमध्ये ठेवूनही उपयोग नाही. जमिनीवर उरतात ती पुढील दोन मोकळी चाके. यास्तव सपाट जागा निवडून पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि मागे भक्कम घोडी द्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये.

नंतर हातब्रेक सोडावा, गिअर मोकळा करावा, चाकावरील टोपी काढावी आणि ड्रमच्या भोकातून आतील स्क्रूची खाच दिसेपर्यंत चाक फिरवावे. तो स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चाक अडेपर्यंत फिरवून मग एक टप्पा मागे घ्यावा, म्हणजे चाक पुन्हा मोकळे फिरेल. दोन्ही बाजूंस हे केले की हातब्रेक बहुधा आपोआपच ताळ्यावर येतो. न आल्यास केबल ताणली आहे असे समजून दांड्याच्या बुडाशी असलेल्या नटांना हात लावावा. दांडा तीन दाते ओढून दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. दोहोंचा अडसर सारखा लागला पाहिजे.

एकच चाक धरत असेल तर शोध निम्म्याने सोपा होतो, कारण केबली स्वतंत्र आहेत. न धरणाऱ्या बाजूची केबल आपल्या आवरणात गंजून बसली आहे काय, ते पाहावे. ब्रेकचा सिलिंडर पाठीमागील पत्र्यावर थोडा सरकणे आवश्यक असते. आपल्याकडील पावसाळ्यात तोही जखडतो. दांडा खाली टाकूनही चाक अडत असेल तर हाच गंज कारण असतो. दांडा आपणहून खाली घसरत असेल तर त्याचे दाते झिजलेले असतात. ते बदलणे भाग आहे.

दांडा लवकर घट्ट होतो आणि तरीही गाडी सरकते, हे लक्षण अधिक वाईट. बहुधा लायनरला तेल लागलेले असते: जाड व काळपट असेल तर आसातून आलेले, पातळ असेल तर ब्रेकच्या सिलिंडरातून. आधी ती गळती बंद करावी. तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा भाजून सुधारत नाहीत, निदान विश्वास ठेवण्याइतके नाहीत. दोन्ही बाजूंचे एकदम नवे घालावेत. ड्रम उघडल्यावर आतील भुकटी फुंकण्याची खोड आपल्या लोकांना फार आहे. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे. तोंडाला फडके बांधूनही ती अडत नाही. ओल्या कपड्याने टिपून तो कपडा बंद पिशवीत टाकून द्यावा.

शेवटची परीक्षा उतारावर घ्यावी. एकाने आत बसून पाय ब्रेकवर तयार ठेवावा, खालच्या बाजूस कोणी उभे राहू नये, आणि मुलांना तेवढा वेळ घरात बोलवावे. नवे लायनर बसण्यास काही दिवस लागतात. दांडा पुन्हा एखाददुसरा दाता वर येऊ लागला की तो स्क्रू आणखी एकदा पाहावा लागेल.