मोटारींतील वाटाड्या यंत्र कसें निवडावें?



गेल्या पावसाळ्यांत आम्ही पुण्याहून ताम्हिणी घाटानें माणगांवास निघालों होतों. मेहुण्यांची प्रकृति एकाएकीं बिघडल्याचा निरोप आला होता. मोटार आमचे चिरंजीव चालवीत होते. मुळशी धरणाच्या पुढें धुकें दाटलें, एका फाट्यावर आम्ही भलत्याच अंगास वळलों, आणि नेमकी तेथेंच मोबाइलची ‘रेंज’ गेली. पडद्यावर आमचा निळा ठिपका होता, पण त्याच्या भोंवतीं रस्ता नव्हता. कोऱ्या कागदावर शाईचा थेंब पडावा तसा तो दिसत होता. पाऊण तास असा गेला. आम्ही पोंचलों तेव्हां मेहुण्यांना शेजाऱ्यांनीं रुग्णालयांत नेलें होतें. सुदैवानें ते वांचले. त्या ठिपक्याचा विचार मात्र माझ्या डोक्यांतून जाईना.

ठिपका दिसत होता, मग रस्ता कां दिसूं नये? फळा आणि खडू हाताशीं असते तर हें चटकन् दाखवितां आलें असतें. जी. पी. एस. चे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि प्रत्येक जण आपली वेळ व आपलें स्थान सतत कळवीत असतो. आपलें यंत्र केवळ ऐकतें. निदान चार उपग्रह ऐकूं आले कीं तें आपली जागा गणितानें काढतें. यास मोबाइलची रेंज लागत नाहीं, मासिक वर्गणीहि लागत नाहीं. २००० सालापर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळीत असे. त्या वर्षीं मे महिन्यांत तें थांबलें, आणि शंभर मीटरांच्या घरांतली चूक थोड्या मीटरांवर आली.

पण आकाशांतून कळते ती फक्त जागा. रस्ता असतो तो नकाशांत. आमच्या मोबाइलचा नकाशा ऐन वेळीं दुरून यावयाचा होता, तो आला नाहीं. म्हणून दुकानांत गेल्यावर पडद्याची लांबी-रुंदी मागाहून पाहावी. प्रथम विचारावें: भारताचा नकाशा यंत्राच्या पोटांत आहे काय? तो कोणत्या सालचा? नवा नकाशा फुकट मिळतो, कीं दर वर्षीं पैसे मोजावे लागतात? मग आपल्या मूळ गांवाचें नांव घालून पाहावें. मला दाखविलेल्या एका यंत्रानें माझें घर नदीच्या पलीकडच्या तीरावर नेऊन ठेविलें. तेथें पूल नाहीं. दुकानदार हंसला, मी यंत्र परत केलें.

जुनें यंत्र स्वस्त मिळतें म्हणून घेणारांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. उपग्रहांची आठवड्यांची मोजणी १,०२४ वर पोंचली कीं पुन्हा शून्यावर येते. असें एप्रिल २०१९ मध्यें झालें, व ज्यांच्या आज्ञावलींत सुधारणा झाली नव्हती अशीं कांहीं यंत्रें तारीख चुकूं लागलीं. तेव्हां तारीख बरोबर दाखवितें कीं नाहीं, तें पैसे देण्यापूर्वीं पाहावें.

पडदा पांच इंचांचा पुरतो. मात्र तो उन्हांत वाचतां आला पाहिजे, आणि पावसाच्या आवाजांतहि यंत्राचें बोलणें ऐकूं आलें पाहिजे. आंतील बॅटरी फार वेळ टिकत नाहीं, म्हणून मोटारींतून वीज घेणारी तार सोबत असावी. बोगद्यांत ठिपका अडखळला तर यंत्रास दोष देऊं नये. तेथें आकाशच झांकलेलें असतें.

वर्षांतून एकदोनदांच प्रवास करणाऱ्या कुटुंबानें हा खर्च करूंच नये, असें माझें मत आहे. निघण्यापूर्वीं घरींच त्या भागाचा नकाशा मोबाइलमध्यें उतरवून ठेवितां येतो, व त्यास कांहीं पडत नाहीं. हें मला तेव्हां ठाऊक असतें तर! तरी मीं निराळें यंत्र घेतलें, कारण वळण जवळ आलें कीं आमचा मोबाइल हटकून वाजूं लागतो.

पुढील आठवड्यांत मेहुण्यांकडे त्याच घाटानें जावयाचें आहे. नकाशा काल रात्रींच नवा करून घेतला.