नव्या संगणकात फोटो गेले कोठे?

(टेंभुर्णी येथील विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



आजचा माझा विषय ऐकायला लहान वाटेल. मोबाईलमधले किंवा कॅमेऱ्यातले फोटो नव्या संगणकात घेतले, संगणकाने 'काम झाले' म्हणून सांगितले, आणि नंतर पाहू गेले तर फोटो कोठेच दिसत नाहीत. ही तक्रार हल्ली फार ऐकू येते. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ही तारीख निदान या सभागृहात तरी कोणाला पाठ करावी लागणार नाही! तेव्हापासून अनेकांनी जुना संगणक बदलून विंडोज ११चा नवा घेतला, आणि नव्या घरात सामान लावताना जे होते तेच येथेही झाले. सामान घरातच आहे, पण कोणत्या कपाटात ते ठाऊक नाही.

यात एवढे काय, असे कोणी म्हणेल. लग्नाचे चार फोटो उशिरा सापडले तर बिघडत नाही, हे मला मान्य आहे. परंतु आपल्या मुलांच्या मोबाईलमध्ये नुसते लग्नाचे फोटो नसतात. जात पडताळणीचा अर्ज ज्यांनी भरला आहे, त्यांना माझे म्हणणे लगेच पटेल. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. मग आजोबांच्या, पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा शोधत मुलगा दोन-तीन गावे फिरतो, मुख्याध्यापकांची सही घेतो आणि त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढतो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी तो फोटो संगणकात सापडला नाही, तर प्रवेशाची जागा पणाला लागते. म्हणून हा विषय लहान नाही.

आता मूळ गोष्ट समजून घ्या. फोटो संगणकात घेणे, म्हणजे इम्पोर्ट करणे, ही नक्कल करण्याची क्रिया आहे. कॅमेऱ्याच्या कार्डावर किंवा मोबाईलमध्ये डीसीआयएम नावाचा कप्पा असतो. कॅमेऱ्याने फोटो कोठे व कसे ठेवावेत याचा नियम १९९८ साली जपानमध्ये ठरला, त्यातून हे नाव रूढ झाले. इम्पोर्ट करताना संगणक त्या कप्प्यातील फोटोंची प्रत स्वतःकडे घेतो आणि सहसा 'पिक्चर्स' या फोल्डरमध्ये, महिन्यावार किंवा तारखेवार उपफोल्डर करून ठेवतो. आपण मात्र डेस्कटॉपवर पाहत बसतो. तेथे ते नसतात.

गंमत तारखेची आहे. संगणक उपफोल्डर करतो तो फोटो काढल्याच्या तारखेने, आज घेतले म्हणून आजच्या तारखेने नव्हे. जुन्या कॅमेऱ्याची आतली बॅटरी संपली की त्याचे घड्याळ मागे जाते. अशा कॅमेऱ्याने परवाच्या धम्मपरिषदेत काढलेले फोटो पंधरा वर्षांपूर्वीच्या एखाद्या जानेवारीत जाऊन बसतात. माणूस या वर्षाच्या फोल्डरमध्ये शोधून थकतो.

मग सापडायचे कसे? संगणकातील 'धिस पीसी' उघडा. उजव्या कोपऱ्यात शोधण्याची चौकट आहे. तीत आधी फुलीसारखे तारांकित चिन्ह, मग टिंब, मग इंग्रजी जे, पी, जी ही तीन अक्षरे टाका आणि थांबा. नव्या संगणकालाही थोडा वेळ लागतो, तेवढ्यात बटणे दाबत सुटू नका. फोटोंची यादी आली की ती 'डेट क्रिएटेड' प्रमाणे लावा. ही तारीख त्या फाईलची प्रत या संगणकात कधी आली ते सांगते. फोटो कोणत्याही वर्षी काढलेला असो, आज आत घेतलेले सगळे एका जागी वर येतात. त्यांपैकी एकावर उजवे बटण दाबून त्याचा फोल्डर उघडा, म्हणजे बाकीची मंडळी तेथेच भेटतील. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर दिसू लागते, तसे हे आहे. देऊळ कोठे गेलेले नव्हते.

तरीही सापडले नाहीत, तर ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी ध्यानात घ्यावे की २०१७ पासून त्या फोनचे फोटो बहुधा एचईआयसी या प्रकारात असतात. जेपीजी शोधून ते सापडणार नाहीत, ती चार अक्षरे टाकून शोधा. साधा अँड्रॉइड फोन असेल तर आधी हे पाहा की फोटो आत आले तरी होते का. केबल लावल्यावर फोन पुष्कळदा नुसता चार्जिंगवर राहतो. फोनचे कुलूप उघडून पडद्यावर 'फाईल ट्रान्सफर' निवडल्याशिवाय संगणकाला आतले काही दिसत नाही.

नव्या संगणकात आणखी एक भानगड आहे, वनड्राइव्हची. पहिल्यांदा संगणक लावताना आपण 'होय, होय' म्हणत पुढे जातो, आणि पिक्चर्सचा फोल्डर वनड्राइव्हच्या पोटात जातो. फोटोच्या नावाशेजारी निळ्या ढगाची खूण दिसली तर तो फोटो तुमच्या संगणकात नसून इंटरनेटवर आहे, असे समजा. नेट बंद पडले की तो उघडणार नाही. अशा फोटोवर उजवे बटण दाबून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडावे. फुकट जागा पाच जीबीच मिळते, ती भरायला वेळ लागत नाही. मला विचाराल तर महत्त्वाचे कागद केवळ त्या ढगाच्या भरवशावर ठेवू नयेत.

आता ज्यासाठी मी आज उभा राहिलो ते सांगतो. इम्पोर्ट करताना एक छोटी चौकट असते: 'घेतल्यावर मूळ फोटो पुसून टाका'. तिच्यात खूण करू नका. संगणकात फोटो सापडला, उघडून पाहिला, त्यावरील अक्षर वाचता आले, दुसरी प्रत पेनड्राइव्हवर गेली, यानंतरच मोबाईलमधला फोटो पुसावा. 'मोबाईल भरला' म्हणून घाईने पुसणाऱ्यांचेच फोटो खरोखर जातात. तसेच दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये टाकताना दोघांचेही क्रमांक ०००१ पासून असू शकतात. अशा वेळी संगणक 'रिप्लेस' करू का विचारतो. नाही म्हणा, दोन्ही ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून दाखल्याचा फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो आकसतो, शिक्का पुसट होतो. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. संगणकावर असा फोटो उतरवला की तो पिक्चर्समध्ये नव्हे, सहसा 'डाउनलोड्स'मध्ये जातो.

आणि सापडल्याबरोबर नाव द्या. आयएमजी आणि पुढे आठ आकडे, हे काही नाव झाले नाही. 'आजोबा शाळा उतारा' असे लिहा, मराठीत लिहिले तरी संगणक घेतो. वडीलधाऱ्यांच्या जुन्या फोटोचा फोटो काढला असेल तर त्यात कोण बसले आहे ते आजच विचारून नावातच घाला. मूळ कागद आणि मूळ फोटो अर्थातच जपून ठेवायचे, समितीपुढे मूळच लागते.

बोलणे पुरे झाले. मागच्या टेबलावर संस्थेचा नवा संगणक लावलेला आहे. ज्यांनी मोबाईल आणि केबल आणली आहे, त्यांनी एकेक करून पुढे यावे. पडताळणीचे कागद ज्यांच्या मोबाईलमध्ये आहेत, त्यांना आधी घेऊ.