रिव्हेट लहान, जबाबदारी मोठी



दौंड तालुक्यात वरवंडच्या आसमंतात ऊस आहे, आणि ऊस आहे तेथे गुऱ्हाळ आहे. गुऱ्हाळातील जुन्या काहिली लोखंडी पत्रे रिव्हेटांनी, म्हणजे गावच्या बोलीत रिबिटांनी, जोडून केलेल्या असत. चुलाणावर तापणाऱ्या काहिलीचे एक रिबीट सैल झाले तरी रस विस्तवात गळतो आणि दिवसभराची मेहनत वाया जाते. अशा कामात तीन गोष्टी पाहाव्या लागतात : उष्णता कोठे लागणार, जोडाच्या दोन्ही बाजूंना हात पोहोचतो की नाही, आणि तो भाग पुढे पुन्हा उघडावा लागणार आहे की नाही. स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्या माणसापुढेही नेमके हेच तीन प्रश्न उभे राहतात.

स्वतः विमान बांधणे ही कल्पना आपल्याकडे आता नवलाची राहिलेली नाही. मूळचे सातारा जिल्ह्यातील वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांना पाहावयास मिळाले. २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली, आणि २०१९ साली त्यास उड्डाणाचा परवाना मिळाला. अमेरिकेत तर १९५३ पासून अशा हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना कार्य करीत आहे. हौस कितीही मोठी असली, तरी अशा विमानाची सुरक्षितता अनेकदा चण्याएवढ्या वस्तूंवर अवलंबून असते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

लहान विमानाचे इंजिन बहुधा हवेने थंड होणारे असते. पुढून शिरणारी हवा मोकळी सोडली, तर ती सोपी वाट धरून निघून जाते आणि सिलिंडर तापतच राहतात. म्हणून इंजिनाभोवती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ पत्रे बसवितात. त्यांना बॅफल म्हणतात. पाटाचे पाणी बांध घालून वाफ्यात वळवावे, तशी हे पत्रे हवा सिलिंडरांच्या पाकळ्यांमधून खाली वळवितात. हा बांध फुटला, तर एखादा सिलिंडर मर्यादेबाहेर तापतो. अनेक इंजिनांत सिलिंडरच्या माथ्याची तापमर्यादा सुमारे २६० अंश सेल्सिअस असते. विमानास इंजिन एकच असेल, तर या बिघाडाचा अर्थ काय, हे वेगळे सांगावयास नको.

शिवाय या पत्र्यांना क्षणाचीही विश्रांती नाही. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला २७०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ९० स्फोट होतात, म्हणजे तासाला ३ लाख २४ हजार. यातील प्रत्येक धक्का पत्र्याला आणि त्यातील रिव्हेटाला बसतो.

रिव्हेटांचे मुख्य प्रकार दोन. पहिले भरीव रिव्हेट. ते भोकात घालून एका बाजूने ठोकतात व दुसऱ्या बाजूने जड लोखंडाचा आधार देतात. त्याची दांडी फुगून भोक पूर्ण भरते, त्यामुळे थरथरीत ते सहसा सैल होत नाही. दुसरे पॉप रिव्हेट. ते एकाच बाजूने बसविता येते. आतील खिळा ओढला की मागील टोक फुगते आणि खिळा तुटून पडतो. काम झटपट होते, परंतु सामान्य पॉप रिव्हेट आतून पोकळ असते, आणि आत राहिलेला खिळ्याचा तुकडा कालांतराने निसटू शकतो.

यावरून निवडीचा नियम सहज ध्यानी येतो. जेथे दोन्ही बाजूंना हात पोहोचतो आणि भार येतो, तेथे भरीव रिव्हेटच योग्य. काही विमानांत तेल थंड करणारा कूलर मागील बॅफलवर टांगलेला असतो. तेथे जास्तीच्या पट्टीने पत्रा भक्कम करून भरीव रिव्हेट वापरणे आवश्यक आहे. याउलट, बॅफलच्या काठाला हवा अडविण्यासाठी सिलिकॉन रबराची पट्टी लावतात. ती काही वर्षांनी बदलावी लागते आणि ठोकल्याने रबर दबते. तेथे मागे वॉशर किंवा पत्र्याची पट्टी देऊन पॉप रिव्हेट लावणेच सोयीचे, कारण पुढे ते ड्रिलने सहज काढता येते.

धातूचाही विचार हवा. विमानाच्या नेहमीच्या भरीव रिव्हेटांचा मिश्रधातू २११७ या क्रमांकाचा असून डोक्याच्या मध्यभागी लहान खळगा असतो. ज्याच्या डोक्यावर खूण नाही, ते शुद्ध ॲल्युमिनियमचे मऊ रिव्हेट होय. ते भाराच्या जागी चालत नाही. एक्झॉस्ट नळीच्या निकट उष्णता फार असल्याने स्टेनलेस स्टील किंवा मोनेल धातूची रिव्हेटे वापरतात. मात्र असे धातू ॲल्युमिनियमला भिडले आणि ओलावा लागला, की ॲल्युमिनियम कुजू लागते. म्हणून गरजेपुरतीच ती वापरावीत. इंजिनाच्या आवरणाआड हवेसाठी गुळगुळीत पृष्ठभागाची गरज नसते. त्यामुळे पातळ पत्रा खरवडून सपाट डोक्याचे रिव्हेट बसविण्याऐवजी गोल डोक्याचे रिव्हेट बरे.

मापांचे हिशेब सोपे आहेत. रिव्हेटाची जाडी सर्वांत जाड पत्र्याच्या सुमारे तिप्पट असावी. ०.८ मिलिमीटर पत्र्यास २.४ मिलिमीटर. ठोकण्यापूर्वी दांडी आपल्या जाडीच्या दीडपट बाहेर उरावी. ठोकल्यावर तयार झालेले डोके दीडपट रुंद आणि निम्म्याइतके उंच असावे. भोकाचा मध्य पत्र्याच्या काठापासून जाडीच्या दुपटीइतका तरी आत असावा. ड्रिल केल्यानंतर भोकाची किनार साफ करणे अनिवार्य आहे. खडबडीत किनारीवरच पुढे तडा सुरू होतो.

काम पुरे झाले म्हणजे जबाबदारी संपली, असे नव्हे. रिव्हेटाभोवती काळपट भुकटी दिसली, तर ते आत हलत आहे असे समजावे. पत्र्याच्या कोपऱ्यांवर तडे आहेत का, हे प्रत्येक तपासणीत पाहावे आणि शंका येताच उड्डाण थांबवावे.

या साऱ्याचा गावाशी संबंध काय, असे कोणी विचारील. नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे १९६४ साली लढाऊ विमानांचा कारखाना उभा राहिला. अशा कारखान्यास लागणारा कुशल हात गावच्या शाळेतून आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतूनच जावयाचा असतो. शिक्षकांनी मुलांच्या हाती दोन पत्र्यांचे तुकडे आणि दोन्ही प्रकारची रिव्हेटे द्यावीत, जोड करून घ्यावा, मग तो तोडून कोठे आणि का तुटला ते विचारावे. पंचायतींनी शाळेच्या कार्यशाळेसाठी थोडी हत्यारे मिळवून द्यावीत. जे हाताशी आहे ते ठोकून मोकळे होणे ही कारागिरी नव्हे. जागा ओळखून वस्तू निवडणे ही कारागिरी होय, आणि आकाशात उडणाऱ्या माणसाचे प्राण तिच्यावरच विसंबून असतात.