टाकीतले पाणी आणि दोन रुपयांचा ट्रान्झिस्टर

(नेरे, ता. पनवेल येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



विषय घरी करायच्या इलेक्ट्रॉनिक्सचा आहे, पण मी बोलणार आहे ते तुमच्या गच्चीवरच्या टाकीबद्दल. पनवेल शहराला पाणी देणारे देहरंग धरण आपल्याच बाजूला, गाढी नदीवर आहे. मे महिन्यात त्याचा तळ दिसू लागतो. आणि याच दिवसांत घरोघरी टाकी भरून वाहत असते, खाली मोटर चालूच असते. टाकीत पाणी किती आहे हे स्वयंपाकघरातून दिसले, तर हे थांबेल. असे यंत्र दहावीतला मुलगा किंवा मुलगी एका रविवारी करू शकते. इलेक्ट्रॉनिक्सची सुरुवात इथूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

लागते काय? बीसी ५४७ नावाचे चार ट्रान्झिस्टर, चार एलईडी, काही रेझिस्टर, एक पुश बटन, नऊ व्होल्टची बॅटरी आणि वायर. ट्रान्झिस्टर सुटा घेतला तर दोन-चार रुपयांना मिळतो. टाकीच्या तळाशी एक सळई, ती बॅटरीच्या धन टोकाला. पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण या उंचींवर आणखी चार सळया, प्रत्येकीची वायर एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून आपापल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला. पाणी सळईला टेकले की पाण्यातून अगदी थोडी वीज बेसपर्यंत पोहोचते. एवढ्या विजेवर एलईडी पेटणार नाही. पण ट्रान्झिस्टर तिच्या शंभर-दोनशे पट वीज कलेक्टरमधून जाऊ देतो आणि दिवा लागतो. मोबाइलमध्ये असे अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, पण तिथे एकाचेही काम डोळ्यांना दिसत नाही. इथे दिसते.

आता एलईडीसोबत जोडायच्या रेझिस्टरचा एक हिशेब करू. बॅटरी नऊ व्होल्टची. लाल एलईडी साधारण दोन व्होल्ट घेतो, उरले सात. एलईडीतून दहा मिलिअँपिअर जाऊ द्यायचे, तर सात भागिले ०.०१, म्हणजे ७०० ओहम. बाजारात जवळचा मिळतो तो ६८० चा: निळा, करडा, तपकिरी पट्टा. ओहमचा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. तो वापरून दुकानात कोणती वस्तू मागायची हे ज्याला ठरवता आले, त्याला तो खरा कळला.

ट्रान्झिस्टर घेताना मात्र पाय तपासा. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. अगदी तसाच दिसणाऱ्या २एन३९०४ चा क्रम याच्या बरोबर उलटा असतो. नवशिक्यांची बहुतेक सर्किटे इथेच अडतात.

यंत्र पहिल्या दिवशी उत्तम चालते. खरे शिक्षण त्यानंतर सुरू होते. तांब्याची वायर तशीच पाण्यात सोडली आणि वीज सतत चालू ठेवली, तर धन टोकाची तार काही दिवसांत हिरवी पडून झिजू लागते. हे विद्युत अपघटन, रसायनशास्त्राच्या पुस्तकातलेच. ते तांबे आपल्या पिण्याच्या पाण्यात उतरते. म्हणून सळया स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात आणि पुश बटन बॅटरीच्या धन वायरमध्ये बसवावे, म्हणजे बघण्यापुरतीच वीज वाहील. दुसरी गोष्ट आपल्या कोकणपट्टीची. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून वीज सहज जाते. पन्हळीवरून साठवलेल्या पावसाच्या पाण्यात क्षार फार कमी, तिथे दिवा मंद लागतो. अशा वेळी पहिल्या ट्रान्झिस्टरचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला जोडून दोघांचे कलेक्टर एकत्र करायचे. या जोडीला डार्लिंग्टन म्हणतात. पाणी बदलले म्हणून सर्किट बदलावे लागले, हे ज्याने अनुभवले तो पुढे कुठलेही यंत्र डोळे मिटून वापरणार नाही.

एक इशारा देतो, तो मनापासून ऐका. ट्रान्सफॉर्मर वाचवण्यासाठी २३० व्होल्टची वीज एका कपॅसिटरमधून थेट घेणारी सर्किटे सर्रास पाहायला मिळतात. त्यांतला कोणताही भाग घरच्या विजेपासून वेगळा केलेला नसतो. पाण्याजवळ असे सर्किट जीवघेणे आहे. मुलांच्या हाती ते कधीही देऊ नका.

गावात हे कसले, असे कुणी म्हणेल. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधन सोडून गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. शाळेत न रमलेली मुले तिथे हाताने काम करत विज्ञान शिकतात, आणि ते काम गावाच्या उपयोगी पडते. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू बनवण्याची कार्यशाळा, सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या काहींपैकी ती एक. ती महानगरात नाही, पाबळसारख्या दुष्काळी गावात झाली, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

आज आर्डुइनोचे बोर्ड आणि तयार सेन्सर सहज मिळतात. त्यांना माझा विरोध नाही. २००५ मध्ये इटलीत जन्मलेल्या त्या बोर्डाने लाखो मुलांना या छंदाकडे आणले. पण आधी सुटा ट्रान्झिस्टर हाताळावा, मग बोर्ड घ्यावा. उलट क्रमाने गेलेला मुलगा चार वायरी जोडतो, प्रोग्राम उतरवून घेतो, आणि काही बिघडले की नवा बोर्ड मागतो.

सामानासाठी मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर. एकदा तरी मुलांना घेऊन स्वतः जा. पहिल्या खरेदीत साधा मल्टिमीटर जरूर घ्या. पुढच्या महिन्यात पाऊस लागेल, बाहेरचे खेळ बंद होतील. त्याआधी सामान आणून ठेवा आणि पहिले यंत्र स्वतःच्या घरच्या टाकीवर बसवा. चालले नाही तर ते घेऊन माझ्याकडे या, आपण मिळून तपासू.